चार तासांचं बनारस

जहाजाने फिरायला जायचं हे आमच्याकडे ठरलं ते बायकोच्या गुडघ्यामुळे. दिवाळीनंतर तिचा उजवा गुडघा दुखायला लागला. ऑपरेशनची घाई नको, पण जिने-पायऱ्या कमी करा, असं डॉक्टर म्हणाले. बनारसमध्ये राहणाऱ्या माणसाला हे सांगणं सोपं आणि पाळणं कठीण. त्यात आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं होत होती आणि येत्या उन्हाळ्यात लांब कुठेतरी जाऊ, असा शब्द मी देऊन बसलो होतो. मी इथल्या एका इंटर कॉलेजात इतिहास शिकवतो, ती बँकेत अधिकारी आहे. दोघांना एकत्र सुट्टी मिळते ती मे-जूनमध्येच.

आमची मुलगी पुण्यात नोकरी करते. व्हिडिओ कॉलवर तिनेच तोडगा काढला. "आई, क्रूझ करा न. बॅग एकदाच उघडायची. खोली तीच राहते, गावं बदलत जातात. एकदम आराम से."

जन्म बनारसचा असल्यामुळे मुलीच्या बोलण्यात हिंदी असतंच, माझ्याही असतं. बायको सांगलीची. लग्न होऊन इथे आली तेव्हा माझ्या मराठीला ती हसायची, आता हसत नाही.

जहाजाची कल्पना दोघांनाही पटली. नुसतं पोहण्याचा तलाव आणि जेवणाचे हॉल असलेलं जहाज मात्र कोणालाच नको होतं. बंदरं अशी हवीत, जिथे काही जुनं पाहायला मिळेल, माणसं कशी राहतात ते दिसेल, एवढ्यावर आमचं एकमत होतं. मतभेद पुढे सुरू झाले.

मुलीने दोन सहलींचे कागद पाठवले. पहिलं जहाज अथेन्सहून निघून सात दिवसांत सहा बंदरं घेणार होतं. कुठे सहा तास थांबणार, कुठे चारच. दुसरं जहाज तेवढ्याच दिवसांत फक्त तीन बंदरं करणार होतं, पण इस्तंबूलला दोन दिवस आणि अथेन्सला दोन दिवस. मी लगेच दुसऱ्याच्या बाजूने झालो. बायकोला पहिलं हवं होतं.

"एवढ्या लांब जायचं आणि तीनच गावं?" ती म्हणाली.

"चार तासांत गाव दिसत नाही," मी म्हणालो. "मला विचार."

हे मी अनुभवावरून बोलत होतो. हिवाळ्यात नदीतून पर्यटकांच्या बोटी येतात आणि एका परिचिताच्या सांगण्यावरून मी रविवारी त्यातल्या पाहुण्यांना शहर दाखवतो. बरीच वर्षं हे करतोय. पाहुणे उत्सुक असतात, पण वेळ मोजका. एका जागी जीव रमायला लागला की मला हात वर करून "चला" म्हणावं लागतं. मागच्या वर्षी एक म्हाताऱ्या बाई घाटाच्या पायरीवर बसल्या आणि मला इथेच राहू द्या म्हणाल्या. मी त्यांना उठवून घेऊन गेलो, कारण अजून दोन देवळं बाकी होती. तो प्रसंग मी बायकोला सांगितला. तिने ऐकून घेतला आणि म्हणाली, "मग मला दाखवा. मी तुमची पाहुणी. चार तास. नाही पुरले तर तुमचं जहाज घेऊ."

जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही तसं केलं. जहाजातून उतरल्यासारखं वाटावं म्हणून पलीकडे रामनगरहून निघायचं ठरवलं. ओळखीच्या नावाड्याला आठ वाजता मोटरबोट घेऊन थांबायला सांगितलं होतं. आम्ही पुलावरून रामनगरला पोचलो तर धुकं एवढं, की बोटीच्या नाकापुढचं पाणीही दिसेना. नावाडी म्हणाला, "मास्टर साहब, अभी नहीं. जब तक किनारा न दिखे, इंजन नहीं चालू करूँगा."

आम्ही शाली गुंडाळून तिथेच बसून राहिलो. धुकं निवळायला नऊ वाजले. चार तासांतला एक तास असाच गेला. मनातून मला बरंच वाटलं, माझा मुद्दा आपोआप सिद्ध होत होता.

राजा घाटावर उतरलो तेव्हा साडेनऊ झाले होते. मी माझं नेहमीचं सुरू केलं. हा घाट पेशव्यांच्या घरातल्या एका कर्त्या माणसाने कसा बांधला, पुण्याचं राजकारण सोडून तो इथे येऊन कसा राहिला, वगैरे. बायको ऐकत होती, पण लक्ष पायऱ्यांकडे होतं. दहा-बारा पायऱ्या चढायची, कठड्याला टेकून उभी राहायची, पुन्हा चढायची. पुढे कुठे कुठे जायचं ते मी कागदावर लिहून आणलं होतं. वर पोचेपर्यंत त्यातली दोन ठिकाणं मी मनातल्या मनात खोडली.

वरच्या गल्लीत एका घराचा चबुतरा होता, ती त्यावर टेकली. आत दारातच एक म्हाताऱ्या बाई सुपात मटार सोलत बसल्या होत्या. आमचं बोलणं ऐकून त्यांनी मान वर केली. "मराठी बोलता? या न, आत बसा. कुठून आलात?"

"इथलेच आम्ही आजी, सिगऱ्याला राहतो," बायको म्हणाली.

"सिगऱ्याला? मग आजवर दिसला नाहीत ते?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि आत जाऊन त्यांच्यासमोर मटार सोलायला बसली. मला घड्याळ दिसत होतं. मी दोनदा "निघू या का" म्हणालो, दोन्ही वेळा दोघींनी ऐकलं नाही. आजींच्या घराण्यात कोणीतरी वेद शिकवायला इकडे आलं, त्याला किती पिढ्या झाल्या हे आता घरात कोणालाच नक्की माहीत नाही. त्यांनी स्वतः महाराष्ट्र पाहिलेला नाही. तरी गणपतीत उकडीचे मोदक होतात आणि हिवाळाभर चूडा-मटर, म्हणजे इकडचे मटार-पोहे, होतात त्याहून ते चांगले होतात असं त्यांचं म्हणणं. मग सुनेला हाक मारून त्यांनी चूडा-मटर करायला सांगितलं. आता उठणं शक्यच नव्हतं.

खाता खाता बायकोने जहाजाची गोष्ट काढली. आजी लक्ष देऊन ऐकत होत्या. मध्येच त्यांनी विचारलं, "त्या गावांत कोणी पहचानीचं आहे का तुमचं?"

"नाही हो, कोण असणार?"

"मग बसाल कुठे?"

बायको हसली. आजी हसल्या नाहीत, त्यांनी खरोखरच विचारलं होतं.

तिथून निघालो तेव्हा सव्वाअकरा झाले होते. कागदावरचं बाकी सगळं राहिलं. बोट मणिकर्णिकेपर्यंत नेऊन वळवायची, एवढंच शक्य होतं. घाटावर चार-पाच चिता जळत होत्या, ओल्या हवेत धूर खालीच पसरला होता. या जागी सांगायचं माझं एक भाषण आहे. ते मी सुरू करणार होतो, पण बायकोने हात जोडलेले पाहिले आणि मीही हात जोडले.

रामनगरकडे परत येताना मी म्हणालो, "पाहिलंस? चार तासांत काय दिसलं? एक घाट आणि एक ओळखीचं नसलेलं घर."

"मला पुरलं," ती म्हणाली.

"पुरलं कसं? काही पाहिलंच नाहीस तू."

ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, "पंचवीस वर्षं या गावात आहे. जगभरच्या लोकांना तुम्ही हे घाट दाखवता. दर हिवाळ्यात दाखवता. मला आज पहिल्यांदा आणलंत."

"तू कधी म्हणाली नाहीस."

"म्हणायला हवं होतं?"

ती इथे आली तेव्हा सासरचं घर, मग बँकेची परीक्षा, मुलगी, माझ्या आईचं आजारपण. रविवारी मी पाहुणे घेऊन फिरायचो आणि ती घरी आठवड्याचं राहिलेलं काम करायची. घाटावर आम्ही दोघं गेलो ते ग्रहणाला, नाहीतर कोणाच्या दिवसकार्याला. गाव दाखवण्यासाठी म्हणून मी तिला कधीच नेलं नव्हतं, आणि हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. नावाडी समोर बसला होता. त्याला मराठी कळत नसावी, पण इंजिनाकडे तो जरा जास्तच निरखून बघत होता.

घरी आल्यावर मी म्हणालो, "तुझं जहाज घेऊ. सहा बंदरांचं."

"थांबा," ती म्हणाली. चष्मा लावून तिने दोन्ही कागद जेवणाच्या टेबलावर पसरले आणि मुलीला फोन लावला. "जहाज लागतं तिथून गाव किती लांब आहे, ते बघून सांग. प्रत्येक बंदराचं."

मुलगी शोधून सांगत गेली आणि ही पेन्सिलने खुणा करत गेली. जुन्या ग्रीक शहराचे अवशेष पाहायला बंदरापासून बस. अथेन्सलाही बस, शिवाय टेकडी चढायची. एका बेटावर छोट्या होडीने किनाऱ्याला, मग वर जायला तारेवरचा पाळणा आणि त्यासाठी रांग. अर्धा कागद खोडून झाला.

"आई, असं कसं करतेस? सगळं कॅन्सलच होईल," मुलगी म्हणाली.

"मला बसमध्ये बसायला जायचं नाहीये. उतरलं की गाव सुरू झालं पाहिजे. चार पावलं चालावं, कुठेतरी टेकावं, लोक काय करतात ते बघावं. असं जहाज शोध."

तीन दिवसांनी मुलीने तिसराच कागद पाठवला. जहाज जरा लहान, इटलीतल्या ट्रिएस्टहून निघणारं. स्प्लिट, कोटोर, कॉर्फू आणि बारी अशी चार बंदरं, बहुतेक ठिकाणी सकाळपासून संध्याकाळपर्यंत मुक्काम. धक्क्यावरून जुनं गाव चालत गाठता येईल अशी. बायकोने पाहताक्षणी हो म्हटलं. माझं अथेन्सही गेलं आणि इस्तंबूलही. आयुष्यभर वर्गात ज्यांच्याबद्दल बोललो ती शहरं सोडून, नावं उच्चारायला अडखळावं अशा गावांना जायचं होतं. दोन-तीन दिवस मी घुश्शात होतो, हे कबूल करतो. मग स्प्लिटबद्दल वाचायला घेतलं. तिथे एका रोमन सम्राटाचा महाल आहे आणि त्याच्या भिंतींच्या आत लोक अजून संसार करतात. खिडक्यांतून कपडे वाळत घालतात. हे वाचून राग बराच निवळला. मार्चमध्ये व्हिसासाठी आम्ही दिल्लीला जाऊन आलो.

जूनमध्ये गेलो. सगळं छान झालं असं म्हणणार नाही. पहिल्या रात्री बोट लागली ती मला, तिला नाही. स्प्लिटला महालाच्या चौकात आम्ही दीड तास बसलो. तिने विचारलं, "सांगा आता, हे कोणी बांधलं?" मला पुस्तकातली चार वाक्यं आठवत होती, ती सांगितली आणि पुढचं माहीत नाही म्हणालो. मग भिंतीवरचा फलक दोघांनी मिळून वाचला. कोटोरला तटबंदी डोंगरावर चढत जाते, आम्ही खालच्या वेशीपाशीच थांबलो. कॉर्फूला ऊन एवढं होतं, की तासाभरात जहाजावर परत आलो.

शेवटचं बंदर बारी. जुन्या गावात शिरल्यावर एका गल्लीत बायका दाराबाहेर टेबलं मांडून बसल्या होत्या. कणकेची बारीक गोळी घ्यायची, सुरीने ओढायची, अंगठ्याने दाबून उलटायची, की इवल्याशा कानाच्या आकाराचा पास्ता तयार व्हायचा. जाळीच्या ताटांवर असे शेकडो कान वाळत पडले होते. बायको थबकली.

"अहो, हे तर नखुले!"

सांगलीकडे लग्नाच्या रुखवतासाठी बायका असेच नखाने दाबून नखुले करतात, त्यांची खीर होते. तिने कितीतरी वर्षांत ते केले नव्हते. टेबलाशी बसलेल्या बाईने तिचा चेहरा पाहिला आणि पायाने एक स्टूल तिच्याकडे सरकवलं. ही बसली. तिच्या हातून पहिले दोन बिघडले. तिसरा तिने आपल्या पद्धतीने, सुरी न घेता नखाने केला. त्या बाईने तो बोटावर घेऊन उजेडात धरला, शेजारणीला दाखवला आणि आपल्या कानांच्या रांगेत ठेवून दिला. मग दोघी हात चालवत राहिल्या. एकमेकींची भाषा येत नव्हती, पण कोणाचं अडतही नव्हतं. मी समोरच्या पायरीवर बसलो. त्या गावात एका संताचं मोठं चर्च आहे, किल्ला आहे. ते पाहायचं राहिलं.

निघताना त्या बाईने कागदाच्या पुडीत मूठभर कान बांधून दिले, त्यात हिचे नखुलेही होते. जहाजाच्या दाराशी पहारेकऱ्याने पुडी उघडून पाहिली, मग हिच्या हातांना लागलेलं पीठ पाहिलं आणि हसून आत सोडलं. खोलीत गेल्यावर तिने जहाजाचा टॉवेल टेबलावर अंथरला आणि ते सगळे त्यावर एकेक करून पसरले. मधला दिवस समुद्रातच गेला, तिसऱ्या दिवशी सकाळी ट्रिएस्टला उतरेपर्यंत ते चांगले कडक वाळले होते.