वाफेचे बैल आणि याडीच्या बकऱ्या

वाफेवर माझा फार जीव. आमच्या घरात आजोबांपासून सगळे कचेरीत खर्डेघाशी करणारे. यंत्र म्हणाल तर एक शिलाई मशीन आणि एक कुकर. पण लहानपणी यवतमाळच्या स्टेशनात छोट्या गाडीचं काळं इंजिन धापा टाकत यायचं, त्यानं माझं डोकं फिरवलं ते कायमचं. कॉम्प्युटरच्या पोटात काय चालतं ते त्याचं त्यालाच ठाऊक. वाफेचं तसं नाही. ती दिसते, ओरडते, चटका देते. भाताच्या पातेल्यावरचं झाकण थडथडताना ज्यानं पाहिलंय, त्याला वाफेचं विमानही पटवता येतं, असा माझा दावा होता.

पुसदला मास्तरकी करत असताना मी हा दावा कागदावर उतरवला. कापसाचा भाव पार बसला होता, ती वर्षं. शाळेत मास्तरांच्या खोलीतही दुसरा विषय नसे. म्हणून मी गोष्टीत पळालो तो थेट इंग्रजांच्या काळात. बैलांच्या पाठीवर माल लादून देशभर फिरणाऱ्या बंजारा तांड्यांची लदेणी रेल्वेनं बुडवली, हे खरं. माझ्या गोष्टीत मात्र तांड्यातला एक पठ्ठ्या दोन लोखंडी बैल घडवतो. पोटात राजूरचा कोळसा, नाकातून वाफ. कापूस घेऊन हे बैल रेल्वेच्या आधी बाजारात हजर!

दिवाळी अंकाच्या संपादकांनी गोष्ट परत पाठवली. ‘कल्पना छान, पण पटत नाही.’ माझं टाळकंच सटकलं. शाळेतला माझा एक मास्तर दोस्त तांड्यातला. तो पोट धरून हसला.

“संपादकाले काय समजते बैलातलं? माह्या याडीले ऐकव,” तो म्हणाला. याडी म्हणजे त्याची आई. “पण सांगून ठेवतो. तिले पटलं नाई, का ती मधातच उठते आन बकऱ्यायले चारा टाकाले जाते.”

ती उठली तर वाफेचा नाद कायमचा सोडीन, असं मी तावातावात बोलून बसलो. पण तो नाद सोडून माझ्याकडे दुसरं होतं काय?

रविवारी संध्याकाळी तांड्यावर गेलो. याडी ओट्यावर बसली होती, शेजारी चाऱ्याची पेंडी. ओट्याखाली बकऱ्या कोकलत होत्या. मी वाचायला लागलो. लोखंडी बैल उभे राहिले, तसा तिनं हात वर केला.

“शेण देतेत काय?”

“राख देतात, याडी.”

“बरं हाय. भांडे घासाले होईन.” एक अडसर दूर झाला. पुढच्याच पानावर पुन्हा हात. “थकतेत काय हे बैल?”

“लोखंडाचे आहेत. कशाला थकतील?”

“मंग तांडा मुक्काम कवा करते? मानसं जेवतेत कवा? बायाइनं बाळंत कवा व्हाव? बैल थकते म्हनून तं मानूस बसते, बाप्पा.” तिचा हात पेंडीकडे गेला.

“पाणी!” मी ओरडलो. “पोटातलं पाणी आटतं. प्रत्येक नाल्यावर थांबावंच लागतं.”

हात परत मांडीवर आला. दोस्त तोंडात रुमाल कोंबून हसत होता. संपादकांना इथं आणून बसवायला हवं होतं, असं मला फार वाटलं.

मग आला माझा लाडका शेवट. बाजारातला व्यापारी बैल बघून चकित होतो, हात जोडतो आणि मागाल तो भाव देतो.

याडी उठली. पेंडी काखेत मारली.

“काय झालं?” मी रडकुंडीला आलो. “लोखंडाचे बैल चालले, अन् हे नाही?”

“बैल चालतेत. पन भाव कोनी असा देते काय?”

मला रागच आला. तिचा नाही, त्या भल्या व्यापाऱ्याचा. मी कागद खाली ठेवला आणि तोंडानंच सुरू केलं. “थांब, याडी. व्यापारी म्हणतो, कापूस ओला आहे, अर्धाच भाव देतो. तेव्हा डावा बैल एक पाऊल पुढे येतो. उजवाही येतो. दोघं मिळून नाकातून अशी वाफ सोडतात, की व्यापाऱ्याच्या मिशा सरळ होतात आणि धोतराचा काष्टा सुटतो. गादीखालून मुनीम ओरडतो, शेठ, द्या! आता बैल शिट्टी मारणार!”

याडी हसली. इतकी हसली, की पेंडी खाली पडली आणि बकऱ्यांनी ती ओट्याखाली ओढून नेली. डोळे पुसत ती पुन्हा बसली.

“मंग? भेटला भाव?”

“भेटला. पुरा.”

“हं,” ती म्हणाली. “असा भेटते.”

त्या साली अख्ख्या जिल्ह्यात पुरा भाव भेटला तो फक्त त्या दोन लोखंडी बैलांना.