हिरवं पाकीट आणि पाच बोटं

आठवड्यातलं हे चौथं गाव. थू आमानने गावदेवाच्या ठाण्यापाशी स्कूटर लावली, हेल्मेट काढून हात जोडले आणि समाजकेंद्राच्या पायऱ्या चढली. म्याओली जिल्ह्याच्या डोंगरातल्या अकरा केंद्रांतले जुने, लिनक्सवर चालणारे लॅपटॉप ती एकटी सांभाळायची. वय सत्तावन्न. यंत्रं सुधारतात आणि आपण झिजतो, असं तिला अलीकडे वाटू लागलं होतं.

दारातच चौऱ्याऐंशी वर्षांच्या फंग आजी उभ्या.

"आलीस गं बाई! कालपासून नेट नाही. दोन वाजता माझा लेक युन-लाइ पडद्यावर दिसणार, तीनला त्याची बोट सुटणार. मग तीन महिने नुसतं पाणी."

"घरच्या फोनवर बोलला ना तो?"

"बोलला. जाळ्यात हात सापडला होता, आता बरा आहे म्हणाला. बापासारखाच खोटारडा! मला बोटं मोजायचीत."

लॅपटॉपच्या कडेला मक्याच्या कुरकुरीत खाऊचं हिरवं पाकीट चिकटवलेलं होतं. क्वाय-क्वाय, म्हणजे 'शहाण्यासारखं वाग'. ते जवळ असलं की यंत्र नीट वागतं, अशी इथली समजूत. तारीख उलटली की रुसतं. गेल्या वर्षी आमाननेच आजींना ते दिलं होतं.

"काल बघते तर तारीख गेलेली," आजी म्हणाल्या. "लगेच नवं आणलं. पडू नये म्हणून चांगली रुंद चिकटपट्टी मारली."

"बरं केलंत," म्हणत आमान खुर्चीत टेकली.

नव्या अपडेटशी जुन्या वायफाय कार्डाचा ड्रायव्हर जुळत नव्हता. तीन गावांत तेच झालं होतं, म्हणून इथेही तेच, असं तिने बसण्याआधीच ठरवून टाकलं. आधी जुन्या कर्नलवर, म्हणजे अपडेटच्या आधीच्या गाभ्यावर, लॅपटॉप सुरू करून पाहिला. नाही. मग पेनड्राइव्हवरून ड्रायव्हर घेऊन नव्याने बांधायला लावला. म्हातारं यंत्र पाऊण तास घरघरत राहिलं.

"भूतबाधा असेल तर तसं सांग," आजी म्हणाल्या. "देवळातून अंगारा आणते."

"अंगारा मलाच लावा, आजी."

दोन वाजले. सव्वादोन. कार्ड दिसत होतं, ड्रायव्हर चढला होता, नेट मात्र नव्हतं. आजी नुसत्या घड्याळाकडे बघत होत्या. आमानचे डोळे चुरचुरत होते. शेवटी तिने यंत्राला तो प्रश्न विचारला, जो सगळ्यात आधी विचारायला हवा होता: वायफायचा रेडिओ कुणी बंद केलाय का?

उत्तर आलं: हार्ड ब्लॉक, होय.

म्हणजे कडेचं बटण कुणीतरी हाताने सरकवलेलं. आमानने कडेवरून बोट फिरवलं. बटण हिरव्या पाकिटाच्या रुंद पट्टीखाली होतं. पट्टी ताणून मारताना ते सरकलं होतं.

तिने हळूच पट्टी सोडवली. पाकीट दोन्ही हातांनी उचलून वरच्या फळीवर ठेवलं आणि बटण पुढे सरकवलं. दिवा लागला.

"काय झालं होतं गं?"

आमानने आजींच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "ड्रायव्हर, आजी. नव्या अपडेटचा घोळ."

"तरी म्हटलं! नवं पाकीट होतं म्हणून निभावलं."

तीनला बारा मिनिटं कमी असताना युन-लाइ पडद्यावर आला. उन्हाने करपलेला.

"हात वर कर," आजी म्हणाल्या. "तो नव्हे. दुसरा."

त्याने जरा वेळ लावला. मग हात वर केला. आजींनी पडद्यावर नख टेकवत मोजलं. एक, दोन, तीन, चार. आणि अर्धं.

आमान वळून खिडकीशी गेली.

"जेवलास का?" आजींनी विचारलं.

"जेवलो, आई."

"खोटारडा," आजी म्हणाल्या आणि खुर्ची पडद्याजवळ ओढून बसल्या.