मीटर तिच्या हातात

लॅबमध्ये ते यंत्र आलं तेव्हा ते मलाच मिळणार, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. दौंडच्या आमच्या पाणी तपासणीच्या लॅबमध्ये शेवाळाचं काम इतकी वर्षं मीच करत आले होते. भीमाकाठच्या गावांमधून बाटल्या यायच्या. मी त्यांत आयोडीन टाकून शेवाळ तळाशी बसू द्यायची आणि मग मायक्रोस्कोपला डोळा लावून एकेक पेशी मोजायची. एका बाटलीत सकाळ संपायची, मान आखडायची. पण साहेब विचारायचे ते मला, आणि मी सांगेन तेच रिपोर्टात जायचं.

पुण्याहून आलेल्या माणसानं टेबलावर पेटी उघडली. आत पिवळ्या रंगाचं, एका हातात मावेल एवढं यंत्र होतं. त्यानं बोटभर काचेच्या चौकोनी नळीत पाणी घेतलं, नळी यंत्रात ठेवली, झाकण लावून बटण दाबलं.

"आतून निळा प्रकाश पडतो," तो म्हणाला, "शेवाळ असेल तर ते लाल प्रकाश परत टाकतं. शेवाळ जास्त, आकडा जास्त."

त्याचं बोलणं संपायच्या आत आकडा आलासुद्धा. मी मनातल्या मनात त्या बाटलीला किती वेळ लागला असता याचा हिशेब करत होते, तेवढ्यात साहेबांनी पेटी बंद केली आणि माझ्या शेजारी बसलेल्या मुलीपुढे सरकवली.

"हिच्याकडे स्कूटर आहे. नदीवर हीच जाईल."

ती नुकतीच लागली होती. शिरूर तालुक्यातली, शेतकऱ्याची मुलगी, एमएस्सी झालेली. मला ताई म्हणायची. मी हसून "छान झालं गं" म्हटलं आणि घरी येऊन नवऱ्यापुढे भाजीची कढई आपटली. तो रेल्वेत, आम्ही रेल्वे कॉलनीत राहतो. तो म्हणाला, "तुला स्कूटर येत नाही, त्यात तिचा काय दोष?" हे खरंच होतं, म्हणून आणखी राग आला.

त्या यंत्राचं नाव फ्लोरोमीटर, पण आम्ही त्याला नुसतं मीटर म्हणायचो. ती त्याला तान्ह्या बाळासारखं जपायची. सकाळी आल्या आल्या आधी शुद्ध पाण्यानं शून्य लावायची, मग मीटरबरोबर आलेला तपासणीचा ठोकळा आत ठेवून आकडा कालच्याइतकाच येतोय का बघायची. नळीला बोट लावायचं ते वरच्या कडेलाच. नळी पुसायची ती मऊ कागदानं, ओढणीनं कधीच नाही. आत पाण्याचा थेंब सांडला तर सगळं काम थांबवून कापसाच्या काडीनं टिपायची. मी तिरक्या नजरेनं चूक शोधत बसायची. सापडायची नाही.

तिच्या आईनं जुन्या लुगड्याची गोधडीसारखी शिवलेली पिशवी मीटरला करून दिली होती, कडेला लाल दोऱ्याचे टाके. लॅबमध्ये सगळ्यांनी ती पिशवी हातात घेऊन बघितली. माझ्या मायक्रोस्कोपवर प्लास्टिकची फाटकी पिशवी होती. त्या दिवशी मी ती काढून कचऱ्यात टाकली.

मग गावांमधून तिच्यासाठी वांगी यायला लागली. काकवी आली, हुरडा आला. ती ते सगळं लॅबमध्ये वाटायची आणि मला सगळ्यात जास्त द्यायची. पूर्वी बाटल्या माझ्यासाठी यायच्या, पण बाटलीबरोबर कुणी वांगं पाठवल्याचं मला आठवत नाही. फोनही तिलाच यायचे. "म्याडम, आज पानी हिरवट दिसतंय, येता का?" ती फोन स्पीकरवर ठेवून पेटी भरायची आणि मी समोर बसून पेशी मोजत असायची. मोजताना आकडा चुकायचा, पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागायचं.

दिवाळीनंतर बंधाऱ्यांच्या दारांत लोखंडी ढापे टाकले की नदीचं पाणी तुंबतं. त्या सुमारास वडगाव रासाईच्या अलीकडच्या एका गावात तिच्या मीटरचा आकडा एकदम वर गेला. त्या गावाचं नळाचं पाणी नदीतल्या जॅकवेलमधून, म्हणजे पंप बसवलेल्या विहिरीतून येतं. तिनं साहेबांना सांगितलं, पंप बंद ठेवायला हवा. त्याच गावाची दुसरी बाटली दुधाच्या टेम्पोतून माझ्याकडे आली होती. मी मोजलं, तर शेवाळ नेहमीइतकंच.

मला झालेला आनंद मी लपवायचा प्रयत्न केला, पण तो पुरता लपला नसावा. साहेबांनी तिला सगळ्यांसमोर पुन्हा मोजायला सांगितलं. तिनं बर्फाच्या डब्यातली बाटली काढली, नळी भरली, पुसली, आत ठेवायला हात पुढे केला आणि मी ओरडलेच, "थांब! नळीला दव धरलंय. गार पाणी आहे ते. असंच मोजलंस ना तिथंपण?"

खरंच, काचेवर बाहेरून धूसर वाफ धरली होती. ती लाजली. "हो की ताई. माझ्या लक्षातच नाही आलं." तिनं पाणी लॅबच्या तापमानाला येऊ दिलं, नळी पुन्हा पुसली. सगळे थांबले.

आकडा थोडा बदलला. पण होता मोठाच.

साहेब म्हणाले, "दोघींचे आकडे जुळत नाहीत, तर दोघी जाऊन बघून या."

मी पहिल्यांदाच तिच्या स्कूटरवर मागे बसले. दोन्ही बाजूंनी ऊस, रस्त्यावर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या. पूल ओलांडून शिरूरच्या बाजूला शिरलो तसा रस्त्यावरचा प्रत्येक जण तिला हात करायला लागला. गोधडीची पिशवी आमच्या दोघींच्या मधे होती. ती माझ्या मांडीला टोचत होती.

जॅकवेलवर पंप चालवणारे आप्पा पायऱ्यांवर बसले होते. ती दिसताच उठले. "या, या म्याडम. च्या घेनार का?" मग माझ्याकडे बघून त्यांनी तिला विचारलं, "ह्या तुमच्या असिस्टंट व्हय?"

"न्हाई आप्पा," ती चटकन म्हणाली, "मी यांची असिस्टंट हाय. मला यांनीच शिकवलं."

मी तिला काहीही शिकवलं नव्हतं. असिस्टंट म्हटलेलं झोंबलं त्याहून तिचा हा मोठेपणा मला जास्त झोंबला.

काठाला पाण्यावर हिरवा तवंग होता, वाऱ्यानं ढकलत जॅकवेलच्या भिंतीला आणून लावलेला. कुणी हिरवा रंग कालवून ओतावा तसा. मी आप्पांना विचारलं, "माझी बाटली तुम्हीच भरली होती ना? कुठून भरली?"

"ह्ये काय, बंधाऱ्यावर जाऊन मधनं. हितलं पानी लई घान हाय, म्हटलं लॅबला असलं कशाला पाठवायचं? चांगलं नितळ बघून भरलं."

ती हसायला लागली. मला हसू येत नव्हतं, तरी आलं. आम्हा दोघींचेही आकडे बरोबर होते. फक्त, नळाला जाणारं पाणी मोजलं होतं ते तिनं.

तिनं सावलीत बसून पेटी उघडली. उन्हात मोजलं तर आकडा खोटा येतो, म्हणून ती नेहमी झाडाखाली बसायची. आणि मग मीटर माझ्या हातात दिलं. "ताई, तुम्ही बघा."

ते वाटलं होतं त्यापेक्षा हलकं होतं. मी काठाचं पाणी नळीत घेतलं, बुडबुडा राहिला तो टिचकी मारून घालवला, झाकण लावलं, बटण दाबलं. काळ्या पट्टीवर आकडा उमटला. आप्पा वाकून बघत होते. मला ते यंत्र परत द्यायचं नव्हतं. मग बंधाऱ्याच्या मधलं पाणी मोजलं, मग जॅकवेलच्या पलीकडचं, मग पुन्हा काठाचं. ती नळ्या पुसून देत राहिली. शेवटी आप्पांनी आणलेला चहा गार झाला तेव्हा मी मीटर पिशवीत ठेवलं.

साहेबांना आम्ही दोघींनी मिळून फोन केला. गावानं पंप बंद ठेवून जुन्या विहिरीवरून पाणी सोडलं, बंधाऱ्याचे दोन ढापे काढले, तवंग वाहून गेला. रिपोर्टवर तिनं माझं नाव आधी लिहिलं. मी ते बघून न बघितल्यासारखं केलं.

पुढच्या उन्हाळ्यात तिला पुण्याला मोठी नोकरी लागली. जाताना तिनं मीटर पेटीसकट माझ्या टेबलावर ठेवलं, पिशवीपण काढून घेतली नाही. आता गावोगाव मी जाते, साहेबांनी जीप दिली आहे. आप्पा मला चहा देतात आणि दर खेपेला विचारतात, "आपल्या म्याडम बऱ्या हायेत ना?" मी सांगते, बऱ्या आहेत. ठोकळ्याचा आकडा रोज सकाळी बघते, नळ्या मऊ कागदानंच पुसते, मीटरची बॅटरी काढून ठेवायला विसरत नाही. काम चांगलं चाललं आहे. पोटातलं दुखणं मात्र पूर्ण गेलं नाही, जरा कमी झालं इतकंच.

परवा तिचा फोटो आला. धरणाच्या पाण्यात होडीत उभी आहे, हातात लांब केबल, केबलच्या टोकाला नवं यंत्र. खाली लिहिलं होतं, "ताई, हे थेट पाण्यातच सोडायचं. बाटली नको, नळी नको. खोलवर किती शेवाळ आहे तेपण कळतं!"

मी फोटो बोटांनी मोठा केला. यंत्र बघितलं, केबल बघितली, होडी बघितली, तिच्या गळ्यातलं ओळखपत्रसुद्धा बघितलं. तो सगळा दिवस माझं कशात लक्ष लागलं नाही. संध्याकाळी तिला लिहिलं, "फार छान आहे गं. केबल घट्ट गुंडाळत जाऊ नकोस, आतून तुटते."