मोठ्याचे बाबा

माझ्या दोघी लाडक्या नातींनो,

गेल्या रविवारी फोनवर तुम्ही मला एक साधी गोष्ट विचारलीत. थोरलीच्या लग्नाच्या विधीसाठी तुमच्याकडच्या गुरुजींना आजोळकडच्या पूर्वजांची नावं हवी आहेत. "आजी, तुझ्या बाबांचं नाव काय होतं?" मी म्हटलं, लिहून पाठवते. नाव तर तेव्हाच सांगता आलं असतं. पण आमच्या घरात ते नाव कुणी घेत नसे, आणि ते न घेतल्यामुळे काय झालं हे सांगितल्याशिवाय नुसतं नाव तुमच्या हातात ठेवणं मला जमेना. तुमच्या आईलाही मी हे कधी सांगितलं नाही. आता सांगणारं माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही, म्हणून क्रमानं लिहिते.

आम्ही इथेच भिलाईत, सेक्टर दहामध्ये राहायचो. तेव्हा हे छत्तीसगड नव्हतं, मध्यप्रदेशच होता. वडील भंडाऱ्याकडच्या शेतकरी घरातले. इथल्या पोलादाच्या प्लांटमध्ये नोकरी लागली आणि त्यांना क्वार्टर मिळालं. मागच्या बाजूला बाडी होती, म्हणजे भाजीपाला लावायची परसातली जागा. घरात आम्ही चौघं. माझा भाऊ माझ्याहून बराच मोठा होता. त्याला आईवडील, शेजारी, सगळे 'मोठा' म्हणूनच हाक मारत.

आमच्याकडच्या बायका नवऱ्याचं नाव उच्चारत नसत. आई वडिलांना 'मोठ्याचे बाबा' म्हणायची. दारावर कुणी आलं की ती आतूनच सांगायची, "मोठ्याचे बाबा ड्यूटीवर गेले." हे सांगताना तिचा आवाज मोकळा असायचा. वडील ड्यूटीवर असले की आमच्या घरात माणसं बोलत. ते घरी असले की बोलत नसत.

वडिलांना ओरडावं लागत नसे. ते खाकरायचे. फाटकाशी खाकरले की रेडिओ बंद. ताटावर खाकरले की भाजीत काहीतरी चुकलं. आई बोलत असताना खाकरले की तिनं असेल त्या शब्दावर थांबायचं. थांबली नाही तर हात उठायचा, कधी पट्टा. तिच्या डाव्या मनगटाचं हाड एकदा मोडलं ते नीट जुळलंच नाही. पोळी लाटताना तिचा दाब एका बाजूला जास्त पडायचा आणि आमच्या घरच्या पोळ्या कधी गोल झाल्या नाहीत. ती एकटी बाजारात जात नसे, कुंपणावरून शेजारणीशी बोलत नसे. मला मात्र त्यांनी इंग्रजी शाळेत घातलं. पाहुणे आले की मला मधोमध उभं करून इंग्रजी कविता म्हणायला लावत. पाहुण्यांना वाटायचं, किती हौशी बाप आहे.

मोठा आयटीआयमध्ये शिकत होता. तो वडिलांच्या खाकरण्याची हुबेहूब नक्कल करायचा. एका दुपारी आई चुलीपाशी गाणं गुणगुणत होती. हा मागच्या दारानं आला आणि खाकरला. आईच्या हातातला झारा खाली पडला, आणि मागे वळून बघते तर हा दात काढून उभा.

"मेल्या, जीव गेला असता ना माझा!"

"काय करून राहिली वो माय? गाणं म्हणून राहिली? सांगू का मोठ्याच्या बाबाले?"

"सांग नं! आन् तू त्याहीची नक्कल करून राहिला, ते मी सांगतो का नाही पाय!"

मग दोघंही हसत सुटले. आईला मी इतकं हसताना नंतर कधी पाहिलं नाही, म्हणून ती दुपार मला तशीच्या तशी आठवते.

त्या वर्षी वडिलांनी बाडीचा एक कोपरा आखून घेतला. शेवग्यापलीकडे कुणी हात लावायचा नाही, पाणीही घालायचं नाही. आईनं कारण विचारलं नाही. माती हलवलेली दिसायची, मग सारखी केलेली दिसायची. प्लांटमधून तांब्याची तार चोरून आणून ते तिथे पुरत आणि संधी मिळेल तशी विकत, हे आम्हाला कळलं ते पोलीस आले तेव्हा.

पोलीस सकाळी आले. वडिलांची सेकंड शिफ्ट होती, म्हणून ते घरी होते. मोठा आयटीआयला गेला होता. मला ताप होता, म्हणून मी शाळेत गेले नव्हते. शेवग्यापलीकडून पोत्यात गुंडाळलेली तार निघाली. कुंपणापलीकडे शेजारी जमले. हवालदार आईकडे वळला.

"ये किसने गाड़ा, बाई? किसका माल है?"

आई पदर दोन्ही हातांनी घट्ट धरून उभी होती. ती उत्तर द्यायला लागली हे मी पाहिलं.

"मोठ्याचे..."

वडील खाकरले.

आई थांबली. त्या खाकरण्यावर थांबायची सवय तिच्या गळ्यालाच होती, तिला विचारून तो थांबत नसे.

"मोठ्याचे? ये मोठ्या कौन है?" हवालदारानं वडिलांना विचारलं.

"मेरा लड़का," वडील म्हणाले.

त्यांनी एवढंच सांगितलं, आणि ते खरं होतं.

आई भानावर आली तेव्हा ती हवालदाराच्या मागे फाटकापर्यंत धावली. "नाही साहेब, मोठा नाही, मोठ्याचे बाबा, मोठ्याचे बाबा!" हवालदाराला मराठी थोडंच कळत होतं, आणि जे कळलं त्यावर त्याचा विश्वास बसला नाही. "माँ है, अब तो बोलेगी ही," तो सोबतच्या शिपायाला म्हणाला. कुंपणापलीकडचे मराठी शेजारी सगळं समजत होते. ते एकेक करून आपापल्या घरात गेले.

मोठ्याला वर्गातून उठवून नेलं. ठाण्यात त्याला सांगितलं, तेरी माँ ने ही नाम बताया.

मग एके दिवशी वडील ड्यूटीवर गेल्यावर आई आयुष्यात पहिल्यांदा एकटी बसमध्ये बसली आणि दुर्गच्या जेलवर गेली. डब्यात तिनं त्याच्या आवडीची जवसाची चटणी नेली होती. मोठा भेटायला बाहेर आला नाही. ती डबा तसाच परत घेऊन आली. नंतरही ती जात राहिली, डबा तसाच परत येत राहिला. आपण काय म्हणत होतो एवढंच तिला त्याला सांगायचं होतं. निरोप आत पोचवणाऱ्या माणसाला तिनं ते सांगून पाहिलं. तो म्हणाला, "बाई, इसमें फरक क्या है?"

काही महिन्यांनी प्लांटमधला दुसरा एक माणूस पकडला गेला आणि त्यानं वडिलांचं नाव घेतलं. मोठा सुटला. दुर्गहून भिलाई कितीशी लांब! आईनं त्याचं अंथरूण धुऊन वाळवून ठेवलं. तो आलाच नाही. एका ओळखीच्या बाईनं त्याला दुर्ग स्टेशनवर गाडीत चढताना पाहिलं. गाडी कुठली होती, ते तिला सांगता आलं नाही.

वडिलांवर खटला चालला तेव्हा आई साक्षीला उभी राहिली. पतीचं नाव विचारलं. मी बाकावर बसले होते. सवयीनं तिनं मान खाली घातली. मग वर केली आणि वडिलांकडे बघत त्यांचं नाव घेतलं, त्यांच्या बापाचं घेतलं, आडनाव घेतलं. वडील खाकरले. ती थांबली नाही. तार कुणी पुरली, कोपरा कुणी आखला, हात कुणी मोडला, सगळं सांगून मगच ती खाली बसली.

हे ऐकायला मोठा तिथे नव्हता.

वडिलांना शिक्षा झाली, नोकरी गेली आणि नोकरीबरोबर क्वार्टर गेलं. भिलाईजवळचं जुनवानी तेव्हा गावच होतं, तिथे आम्हाला एक खोली मिळाली. आई एका वसतिगृहात पोळ्या लाटायची. तिथल्या मुलींना तिच्या वाकड्या पोळ्या चालत असत. मी शिकले, इंग्रजीची शिक्षिका झाले. वडील सुटल्यावर गावाकडे गेले आणि तिथेच वारले. आम्हाला कळलं तेव्हा तेरावाही होऊन गेला होता. आईनं टिकली काढून ठेवली आणि स्वयंपाकाला लागली.

नागपूर, रायपूर, गोंदिया, कुठेही जाणारं मराठी माणूस भेटलं की आई त्याच्याजवळ निरोप द्यायची: "मोठा दिसला तं सांगजा, मी 'मोठ्याचे बाबा' म्हणून राहिली होती." ऐकणारे हो म्हणायचे. म्हातारीचं काहीतरी, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसायचं. मी वर्गात मुलांना पास्ट कंटिन्युअस शिकवत असे: एक क्रिया चालू होती, तेवढ्यात दुसरी घडली. दरवर्षी तो धडा आला की मी फळ्याकडे तोंड करून उदाहरणं लिहायचे, वर्गाकडे वळायला मला थोडा वेळ लागायचा.

आई गेली ती हुडको कॉलनीतल्या याच घरात. तुमचे आजोबा गेले, तुमची आई तुमच्याकडे आली, आणि आता घरात माझं एकटीचंच बोलणं राहिलं. मी सकाळी एका माणसाचा कुकर लावते, भांडी जागेवर ठेवते, रविवारी फोनची वाट बघते. फाटकाशी कुणी खाकरलं तर अजूनही माझं वाक्य मध्येच तुटतं. फोनवर तुम्ही "आजी, आवाज गेला का?" असं विचारता, तेव्हा बहुतेक वेळा तेच झालेलं असतं.

मोठा आहे की नाही, मला माहीत नाही. असेल तर आता म्हातारा असेल. त्याला मुलंबाळं असतील तर ती तुमच्या आईची भावंडं. आईनं आपलं नाव सांगितलं, असंच कदाचित त्यानं त्यांना सांगितलं असेल. कधी कुठे भेट झालीच, तर तिचा निरोप द्या. मी तो वर तिच्या शब्दांत लिहिला आहे, तसाच्या तसा द्या.

वडिलांचं नाव मात्र मी लिहीत नाही, रविवारी फोनवर तोंडानं सांगेन. गुरुजींना हवं असेल तर द्या. पण विधीत आईचंही नाव घ्या, आणि मोठ्यानं घ्या.

सेक्टर दहामधलं क्वार्टर अजून उभं आहे, त्यात दुसरं कुटुंब राहतं. बाडीतला शेवगा आहे. मी आहे. आणि आईचं ते वाक्य आहे, पूर्ण.