मुराळी आणि बसलेला क्लच

ऐन उन्हाळ्यात खानदेशात फिरायला जाऊ नये, असं मी या ब्लॉगवर आधीही लिहिलंय. तरी यंदा आखाजीच्या आदल्या दिवशी जुनी अँबॅसिडर घेऊन यावलहून साक्रीला निघाले, कारण यावलचे नाना, म्हणजे माझे सख्खे काका, हट्टाला पेटले होते. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्याकडे या सणाला सासुरवाशिणी माहेरी येतात आणि त्यांना न्यायला माहेरचा माणूस जातो, तो मुराळी. नानांची थोरली बहीण, माझी आत्या, साक्रीला दिलेली. आजोबांनी घेतलेल्या याच गाडीतून नाना वर्षानुवर्षं तिला आणायला गेले. आता आत्याचं डोकं साथ देत नाही. पोटच्या मुलालाही ती कोण म्हणून विचारते.

"माझं तोंड नाही ओळखलं तरी गाडी ओळखीन ती," नाना म्हणाले. "गाडी ओळखली का मले ओळखीन."

नानांना आता नीट दिसत नाही, म्हणून चालवायला मी. त्यांनी धुतलेला सदरा घातला होता, डोक्यावर टोपी होती, आणि पायाशी आत्यासाठी घेतलेलं लुगडं. ती आता गाऊन घालते, हे त्यांना सांगायचं माझ्या जिवावर आलं.

सकाळी लवकर निघालो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, पण गरम वाऱ्याने पानांच्या पार चिंध्या झालेल्या. तापी ओलांडून जळगाव, तिथून धुळ्याकडे महामार्ग. रस्ता आता चौपदरी आणि चांगला आहे, पण सावली कुठेही नाही. पाणी भरपूर ठेवा. एरंडोलजवळ चहा घेतला. नाना गाडीतून उतरलेच नाहीत. अक्का, म्हणजे आत्या, वाट बघत असेल, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिले.

पारोळ्याच्या पुढे क्लचचं पेडल जे खाली गेलं ते वर आलंच नाही. या गाडीत क्लच तारेवर नाही, तेलाच्या दाबावर चालतो. पेडलजवळ एक सिलेंडर, खाली गिअरबॉक्सजवळ दुसरा, मध्ये बारीक नळी. दाब गेला की गिअर पडत नाही. मग इंजिन बंद करून गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकायची, स्टार्टर मारून तशीच उचलायची आणि पुढचे गिअर आवाजाच्या अंदाजाने ढकलायचे. असं करत, प्रत्येक ब्रेकला देवाचं नाव घेत, धुळे गाठलं. ज्यांना हा प्रकार रोमांचक वाटतो त्यांनी तो भर दुपारी, पुढे ऊस भरलेला ट्रॅक्टर असताना करून बघावा.

धुळ्यात जुन्या गाड्यांचं काम करणारे एक मिस्तरी सापडले. स्वभावाने तिरसट. त्यांनी क्लचच्या तेलाची डबी उघडली, बोट बुडवलं, चोळलं आणि माझ्याकडे चोर पकडल्यासारखं पाहिलं.

"आठे इंजिननं ऑइल कोनी टाकं?"

मी नानांकडे बघितलं. नाना टोपी काढून उभे होते. आठवड्यापूर्वी डबी थोडी कमी दिसली म्हणून त्यांनीच घरातल्या कॅनमधलं इंजिन ऑइल भरलं होतं.

"बठ्ठा रबर फुगी ग्यात, बाबा. ब्रेक ऑइल टाकनं पडस आठे."

"ऑइलच तं टाकलं मी," नाना हळूच म्हणाले.

त्यांचं तरी काय चुकलं? पंपापासून गॅरेजपर्यंत सगळे डबीतल्या त्या ब्रेक फ्लुइडला ब्रेक ऑइलच म्हणतात. नावात ऑइल असलं तरी डबीत इंजिनचं ऑइल चालत नाही, हे शहाणपण कुणी कधी त्यांना सांगितलंच नव्हतं.

आतले रबरी वॉशर आंबोळीसारखे फुगले होते. खालचा सिलेंडर आतून खरवडलेलाही होता; तो बदलावाच लागणार होता. पण सणामुळे सुट्या भागांची दुकानं लवकर बंद झालेली. मिस्तरींनी दोन-तीन फोन लावले आणि सिलेंडर उद्या सकाळी मिळेल म्हणून सांगून टाकलं. मी नानांना म्हटलं, भाड्याची गाडी करू, रात्रीच्या आत साक्री. नाना ऐकेनात. "दुसऱ्या गाडीतून गेलो तं ती काय पाहून ओळखीन?"

बसस्टँडजवळच्या लॉजवर मुक्काम केला. खोली बेताची, कूलर नुसता खडखडणारा. शेवभाजी झणझणीत होती, शंभराच्या आसपास ताट, जरूर खा. नानांनी भाकरीचा तुकडा मोडून तसाच ठेवला.

दुसऱ्या दिवशी, आखाजीलाच, सिलेंडर आला. मिस्तरींनी नळी स्पिरिटने धुतली, वरच्या सिलेंडरला नवे वॉशर घातले, खालचा नवा बसवला. मग हवा काढायचं काम: एकाने पेडल मारायचं, दुसऱ्याने खालून नट ढिला करायचा. पेडलवर नाना स्वतः बसले. मिस्तरी गाडीखालून ओरडायचे, "दाब! धर! सोड!" आणि नाना घामाने निथळत दाबायचे, धरायचे. मला त्यांना उठवावंसं वाटत होतं, पण धीर झाला नाही. शेवटी पेडल घट्ट झालं.

साक्रीला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. आत्याची सून दारात आली.

"मामा, काल काबर नही उनात? सासूबाई काल दिनभर ओटावर बशेल व्हत्यात. तुमनं नाव बी घेत व्हत्यात. आज सकायपासून काहीच नही."

काल का आलो नाही, ते मीच तिला सांगितलं. नाना ओट्याच्या पायरीवर हात ठेवून उभे राहिले.

आत्या बाहेर आली आणि गाडी दिसताच तिचा चेहरा उजळला. कुणी न सांगता मागचं दार उघडून आत बसली. नाना घाईघाईने दुसऱ्या बाजूने तिच्याशेजारी बसले. तिने त्यांना नीट निरखलं. इतकी वर्षं साक्रीची अहिराणी बोलणारी आत्या मग चक्क यावलच्या बोलीत म्हणाली,

"उठ रे बाबा. माझ्या भावाची जागा हाय ती. मले घ्याले येऊ राह्यला तो."

गाडी ओळखली होती, माहेरची बोली आठवली होती, भाऊ तेवढा उरला नव्हता. नाना उतरले आणि माझ्याशेजारी पुढे येऊन बसले. यावलपर्यंत मागची ती जागा रिकामीच राहिली. आत्या मधून मधून विचारायची, "आला का?" आणि नाना समोर बघत म्हणायचे, "येऊ राह्यला, अक्का."

ती यावलला चार दिवस राहिली. आमरस आवडीने खाल्ला, लुगड्यावर हात फिरवत बसली. मग तिला साक्रीला सोडून मी जळगावला परतले. क्लच उत्तम चालतोय. जुनी गाडी बाळगणाऱ्यांनी डबीच्या झाकणावर 'फक्त ब्रेक ऑइल' असं ठळक लिहून ठेवावं, हा माझा सल्ला. माझ्या मनातून मात्र तो धुळ्याचा मुक्काम जात नाही. आदल्या दिवशी पोचलो असतो तर तिने ओळखलं असतं का, कोण सांगणार? नाना मानतात की ओळखलं असतं, आणि त्यांना खोडून काढायला माझ्याकडे काही नाही.

परवा यावलला गेले होते. नाना ओसरीवर बसले होते. मी म्हटलं, "आत्याला फोन लावून देऊ? आवाज तरी ऐका."

"काय बोलू?" नाना म्हणाले. "भाऊ बोलू राह्यला म्हनलं तं ती म्हनीन, मंग येत काबर नाही?"