दरडीखालच्या माणसाचा अंक

महाडच्या कोर्टासमोर माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. आत काय काय मिळतं ते काचेवर लिहिलंय: प्रतिज्ञापत्र, भाडेकरार, झेरॉक्स, लॅमिनेशन. त्याच्याच शेजारी गेल्या वर्षापासून मी दर महिन्याला एक कागद चिकटवते. ‘या महिन्यात घेण्यासारखी नवी कॉमिक्स.’ तो बघून वकील हसतात, पक्षकार गोंधळतात, आणि ज्यांच्याबरोबर मुलं असतात ते आत डोकावून विचारतात, “मॅडम, यातलं फॅमिलीला चालेल असं कुठलं?”

हा प्रश्न आला की माझं डोकं फिरतं. फॅमिलीला चालेल म्हणजे काय, हे मला आता पाठ झालंय. मारामारी नको, भूत नको, प्रेमबीम तर नकोच, कुणी कुणाला उलट बोलायला नको आणि शेवटच्या पानावर बोध हवा. एका शिक्षिकाबाईंनी सुपरहिरोचा अंक दोन बोटांत धरून विचारलं, “यातून मुलांनी घ्यायचं काय?” मी म्हटलं, “पुढे काय झालं ते.” बाईंना ते पटलं नाही. भाडेकराराच्या प्रती घेतल्या आणि नाक मुरडून गेल्या.

खरं तर तो कागद मी मुलांसाठी लावतच नाही. कॉमिक्सचा माझा सगळा अभ्यास बाबांमुळे झाला, आणि बाबांनी पंचाहत्तरी ओलांडली आहे.

बाबा एसटीत कंडक्टर होते. आमचं गाव पोलादपूर तालुक्यात, उमरठच्या बाजूला, पण नोकरीमुळे बिऱ्हाड महाडला. सगळा जन्म त्यांनी बोलण्यावर काढला. भरलेल्या गाडीत मागच्या दारापासून ड्रायव्हरपर्यंत त्यांचा आवाज जायचा, आणि बाजारात मटार महाग म्हणून ते ओरडले की पलीकडचा मासळीवाला मान वर करायचा. त्या माणसाला एका सकाळी दात घासता घासता लकवा झाला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि बोलणं गेलं. पाय थोडाफार परत आला. बोलणं येईना.

म्हणजे एक शब्द शिल्लक होता. शिवी होती ती. कंडक्टरकीच्या दिवसांत रोज वापरून गुळगुळीत झालेली, आणि ती मी इथे लिहिणार नाही. पाणी हवं असलं तरी तीच, पंखा बंद कर म्हणायचं तरी तीच. समोर कोण बसलंय याचा काही संबंध नाही. बाबांना स्वतःला ती ऐकू यायची आणि त्यांचे डोळे भरायचे. आई लगबगीने पाहुण्यांना सांगायची, “मनात नसतं हो त्यांच्या. तोंडातून निघतं.”

महाडच्या दवाखान्यात आठवड्यातून एकदा वाचा-उपचाराची बाई येते. तरुण पोरगी, पण स्पष्ट बोलणारी. ती म्हणाली, “शब्द आत आहेत, त्यांना वाट सापडत नाहीये. पहिल्या वर्षात जेवढं येईल तेवढं आणायचं. नंतर फार जड जातं.” तिने आधी एक तक्ता दिला होता. पोपट, छत्री, सफरचंद. बाबांनी तो डाव्या हाताने उलटा घालून ठेवला. आयुष्यभर जगाला तिकिटं फाडून दिलेल्या माणसाने आता पोपटाकडे बोट दाखवून पोपट म्हणायचं! मलाच राग आला, त्यांना किती आला असेल. बाईला मी तसं सांगितलं. ती म्हणाली, “मग त्यांना पुढचं पान उलटावंसं वाटेल असं काहीतरी आणा. वाक्यं छोटी, अक्षर मोठं, चित्रं भरपूर.”

त्याच आठवड्यात दुकानाच्या बाकावर कुणाचं तरी पोर एक कॉमिक विसरून गेलं. हिंदी होतं. अंगाचा दगड करू शकणारा एक नायक, बाकी सगळं आपटाआपटी. मी ते घरी नेलं आणि बाबांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी डाव्या हाताने पहिलं पान उलटलं, मग दुसरं, आणि आई जेवायला वाढून हाका मारतेय तरी मान वर केली नाही. शेवटचं पान झाल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि शिवी दिली. मी समजले, पुढचा अंक हवाय.

आता पुढचा अंक आणायचा कुठून? एसटी स्टँडच्या स्टॉलवर पूर्वी दोरीला लटकवलेली कॉमिक्स असायची. तिथे आता भरतीच्या परीक्षांची गाइडं आणि मोबाईलची कव्हरं. मराठीत विचारलं तर स्टॉलवाला माझ्याकडे असा बघायला लागला की जणू मी हत्तीचं पिल्लू मागितलंय. मराठी माणसाच्या नावाने गळे काढणारे रोज उठून टीव्हीवर भांडतात, पण एका म्हाताऱ्याने हातात धरावा असा सुपरहिरो मराठीत मिळत नाही. कुठून तरी एक मिळवला, तर त्यातला नायक ‘अरे नराधमा, तुझा अंतकाळ समीप आला आहे’ म्हणत होता. मी तो रद्दीत टाकला.

मग हिंदी-इंग्रजी अंक कुरियरने मागवायला लागले. दुपारी कोर्टाचं काम सुरू झालं की माझ्याकडे गर्दी कमी असते. तेव्हा बसून प्रत्येक पानावरच्या बोलण्याच्या फुग्यांवर मी मराठीचे कागद चिकटवायचे. मोठ्या अक्षरात टाइप करायचं, फुग्याच्या आकारात कापायचं, गम लावायचा. पहिल्यांदा लिहिलं, ‘थांब! तू कुठे जात आहेस?’ बाबांनी त्यावरून बोट फिरवलं आणि पुढे गेले. चेहऱ्यावर काही नाही. दिवसभर प्रतिज्ञापत्रं टाइप करून माझ्या हातून प्रतिज्ञापत्रच उतरत होतं. दुसऱ्या दिवशी मी विचार केला, दारू पिऊन गाडीत चढलेल्याला बाबा काय म्हणाले असते? आणि लिहिलं, ‘थांब रे! कुठं चाललास?’

बाबा हसले. लकवा झाल्यापासून पहिल्यांदा. निम्माच चेहरा हसला, पण हसला. बोट फुग्यावर ठेवून त्यांनी ओठ हलवले, घशातून काहीतरी घासत वर आलं, आणि “थांऽ” एवढं बाहेर पडलं. आई स्वयंपाकघरातून धावत आली. मी रडले, आणि रडताना मला पोपटाच्या तक्त्याचा नव्याने संताप आला.

तेव्हापासून नवीन अंकांवर माझी नजर असते. त्यांच्याबद्दल मी बोलायला लागले की ऐकणारा कंटाळतो, पण मी सांगणारच. जो सुपरहिरो स्वतःच्या बालपणावर अख्खी पानं बोलतो, तो घेऊ नका. ज्याच्या पानावर काळोखाशिवाय काही दिसत नाही, तोही नको. चकचकीत कागदाचे अंक दिव्याखाली चमकतात आणि म्हाताऱ्या डोळ्यांना त्रास देतात. घरगुती गोष्टींच्या अंकांत एक आजी, तिचा कुत्रा आणि वरच्या मजल्यावरचा भांडखोर भाडेकरू अशी मालिका आहे, ती बेधडक घ्या. त्यात उपदेश नाही आणि कुत्रा प्रत्येक अंकात काहीतरी खातो. पण सगळ्यांत आधी घ्यायचा तो दगड होणाऱ्या नायकाचा दरडीचा अंक.

त्यात तो नायक गाव वाचवताना डोंगराखाली गाडला जातो. वर लोक जमतात. शोकसभाच भरते. कसा चांगला होता, कसा भला होता, आता त्याच्या नावाने काय करायचं, यावर पानंच्या पानं चर्चा. तो खाली जिवंत आहे आणि सगळं ऐकतोय. खणायचं कुणाला सुचत नाही. शेवटी दगडांतून एक हात वर येतो. मूळ फुग्यात काहीतरी भारदस्त हिंदी होतं. मी त्यावर गावच्या बोलीत, ‘आहे’चं ‘हाय’ करून चिकटवलं, ‘हाय रे मी अजून!’

आमच्या तालुक्यात दरड हा शब्द कुणी गमतीत उच्चारत नाही. आई म्हणाली, “असलं चित्र घरात नको गं.” पण बाबांनी तो अंक सोडला नाही. रोज तेच पान. ‘हा’ यायला लागला, मग ‘हाय’, मग एकदा बोट न थांबता सगळं वाक्य. उपचाराच्या बाईला मी आनंदाने सांगितलं. ती म्हणाली, “छान. पण हे वाचलेलं झालं. स्वतःहून, समोरच्या माणसाला काहीतरी म्हणतील, तेव्हा खरं.” वर्ष संपत आलं होतं.

आणि या सगळ्यात घरी माणसांची रीघ. आजाऱ्याला बघायला येणं ही आमच्याकडची मोठी हौस. बिस्किटांचे पुडे, शहाळी आणि सल्ले. सवच्या गरम पाण्याच्या कुंडात बसवा. मध चाटवा. अमक्याचा लकवा पुजाऱ्याच्या अंगाऱ्याने गेला. हे सगळं बाबांच्या समोर, बाबांच्या डोक्यावरून. बाबांना कुणी काही विचारायचं नाही. विचारलंच तर मोठ्याने, तुटक, बहिऱ्याला विचारतात तसं: “ओळखलंत काऽऽ?” आणि प्रत्येकाच्या पिशवीतून एक पोथी निघायची. बारीक अक्षर, लांब ओव्या. “या वयात हेच वाचावं,” म्हणायचे. बाहेर चपलांचा आवाज आला की आई कॉमिक्स गादीखाली सारायची आणि पोथी उशाशी मांडायची. त्यावरून आमची रोज भांडणं. “लोक काय म्हणतील, पोराटोरांची पुस्तकं!” ती म्हणायची. मी म्हणायचे, “लोक बोलतायत तेवढं पुरे नाही का?”

मग त्या रविवारी पुण्याहून दादा आला. माझा मोठा भाऊ. महिन्यातून एकदा येतो, आल्यावर घर तपासतो. तो आलाय म्हणून गावाहून काका-काकू जीपने आले, डेपोतले बाबांचे दोन जुने सोबती आले. चहा झाला. दादाने बाबांना खुर्चीत बसवलं, नीट घालायला गादी उचलली आणि खालून सगळा गठ्ठा निघाला.

“हे काय?” त्याने दरडीचा अंक वर धरला, सगळ्यांना दिसेल असा. “अगं, हे वाचायला देतेस बाबांना? डोकं ठिकाणावर आहे का तुझं? आणि हे कागद काय चिकटवलेत, बालवाडीसारखे?” सगळे हसले. डेपोतला एक तर तोंडावर रुमाल धरून हसला. आई पदराशी चाळा करत खाली बघत राहिली. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली, पण बोलायला लागले तर रडेन म्हणून दात आवळून उभी राहिले.

“ज्या माणसाला अख्खा डेपो घाबरायचा, त्याची थोडी तरी लाज ठेव,” दादा म्हणाला.

काकांनी मान हलवली. “जाऊ दे रे. ही पोरगी करते आपली हौस. त्याच्यात आता राह्यलंय काय? त्याला कळतंय व्हय काय? देवाचं नाव कानावर पडू दे, म्हंजे सुटेल तरी.”

काकू म्हणाली, “माणूस लई चांगला व्हता गो.”

व्हता. समोर बसलेल्या माणसाबद्दल. मी तोंड उघडणार, तेवढ्यात खुर्चीतून बाबांचा डावा हात वर आला. बोट कशावरच नव्हतं, अंक दादाच्या हातात होता. बाबा काकूकडे बघत होते.

“हाय,” ते म्हणाले. घसा साफ केला. “हाय... गो. मी. अजून.”

फुग्यात ‘रे’ होतं. ते त्यांनी काकूसाठी बदललं होतं.

मग एकच गलका. “बोलले! बोलले!” काकू टाळ्या वाजवायला लागली, पहिलं पाऊल टाकणाऱ्या बाळासाठी वाजवतात तशा. दादाने अंक काखेत मारून मोबाईल काढला. “बाबा, थांबा थांबा. इकडे बघा. परत एकदा म्हणा बघू! म्हणा, हाऽऽय...”

बाबांनी मोबाईलकडे बघितलं. मग मोबाईलच्या वरून दादाकडे बघितलं. आणि ती शिवी दिली. भरल्या गाडीत द्यायचे तशी, स्पष्ट, शेवटच्या अक्षरापर्यंत.

टाळ्या थांबल्या. दादाचा हात तसाच हवेत. सगळ्यांनी सवयीने आईकडे बघितलं, ती नेहमीचं सांगेल म्हणून.

आई उठली. दादाच्या काखेतून तिने दरडीचा अंक काढून घेतला, पदराने पुसला आणि बाबांच्या मांडीवर ठेवला.

“आज मनात होतं त्यांच्या,” ती म्हणाली.