चार मिनिटं आधी

मेधाच्या सहकाऱ्याचा फोन आला तेव्हा मी तिच्याच खोलीतले पडदे बदलत होते. पुण्याहून तिच्या कामाच्या रेडिओ दुर्बिणीकडे जाताना गाडीला अपघात, मेधा जागीच गेली... हातातला पडदा मात्र मी नीट घडी घालून ठेवला. मुलांनो, या तुमच्या मावशीला तुम्ही जेमतेम दोनदा भेटलात, म्हणून ही तुमची आजी लिहिते आहे.

एम.एस्सी. झाल्यावर तिने न्यूट्रॉन ताऱ्यांवर संशोधन करायचं ठरवलं. तुमच्या आजोबांनी तर सातपूरला त्यांच्या कंपनीत तिच्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. "मेलेल्या ताऱ्यांची नोकरी पर्मनंट असते का गं?" त्यांनी विचारलं. "तुमच्या कंपनीपेक्षा जास्त टिकतील ते, बाबा!" मग गच्चीत तिने मला समजावलं... तारा विझून कोसळतो, तरी सूर्याहून जडच राहतो, आणि इतका लहान, जेमतेम वीस किलोमीटरचा, की इथे ठेवला तर त्र्यंबकच्या अलीकडेच संपावा. तो गरगरत राहतो आणि प्रत्येक फेरीला त्याचा एक ठोका रेडिओ दुर्बिणीत पोचतो.

वर्षभराने तिला असे नवे ठोके सापडले. फोनवर नुसती किंचाळत होती. आठवड्यातच कळलं, जवळच्या शेतातल्या पाण्याच्या मोटारीचा बिघडलेला स्टार्टर ठिणग्या टाकत होता, त्याचेच ठोके दुर्बिणीत येत होते. ती घरी आली, भिंतीकडे तोंड करून निजून राहिली. आजोबा दारातून म्हणाले, "कंपनीत जागा आहे हो अजून." ती उठली आणि बॅग भरायला लागली. "आई, मोटार माणसाच्या घड्याळाने चालते, रोज त्याच वेळी. तारा रोज चार मिनिटं आधी उगवतो. मी एवढं साधं तपासलंच नाही गं!"

पुढच्या हिवाळ्यात फोन आला. "आई, नवा ठोका आजही चार मिनिटं आधी आला! ताराच आहे गं!" आजोबांनी गल्लीत पेढे वाटले, कशाचे, ते मात्र त्यांना कुणालाच धड सांगता आलं नाही.

आता संध्याकाळी मी तिच्या खोलीत बसते. खिडकीचं तावदान एका लयीत टकटकतं, थोडा वेळच, मग थांबतं. सातपूरच्या शिफ्टची बस कोपऱ्यावर उभी राहते, तिच्या इंजिनाने ते हादरत असणार. बसच असेल तर रोज त्याच वेळी वाजेल; नसेल, तर रोज चार मिनिटं आधी. तपासणं अगदी सोपं आहे. मी आयुष्यभर घड्याळावर चाललेली बाई... पण परवा त्या खोलीतलं भिंतीवरचं घड्याळ मी काढलं आणि स्वयंपाकघरात नेऊन लावलं.